कारवान की मुधोळ? पिल्लू घेण्याआधी आणि विकण्याआधी

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

 

शेळी झाली, कोंबडी झाली, गांडूळखत झालं, पापड-कुरडया झाल्या. आज आम्ही कुत्र्यावर बोलणार आहोत. हसू नका. गेल्या काही महिन्यांत गटागटांतून एकच प्रश्न येतोय. दारात एक माणूस गाडीवर पिल्लं घेऊन येतो आणि सांगतो, "ताई, ही साधी कारवान नाही, अस्सल मुधोळ आहे. भाव दुप्पट, पण एक मादी घेतलीत तर वर्षाच्या एका वेतात पैसे वसूल." पुढच्या गावात तोच माणूस तशीच पिल्लं कारवान म्हणून दाखवतो. गटातल्या बाया म्हणतात, आम्हांला तर दोन्ही सारखीच दिसतात. मग फरक काय? आणि दुप्पट पैसे कशाचे?

प्रश्न पैशाचा आहे. गटाच्या शिलकीतून किंवा कर्जातून मादी घ्यायची म्हणजे दहा जणींची बचत त्यात जाते. म्हणून आज सावकाश बोलू.

उत्तर आधी सांगून टाकतो. कारवान आणि मुधोळ ही बऱ्याच अंशी एकाच कुत्र्याची दोन नावं आहेत. खरा फरक ओळखायचा तो या दोघांत नव्हे. तो शुद्ध कारवान आणि ग्रेहाउंडचा संकर यांच्यात ओळखायचा. आता हे नीट समजून घेऊ.

आपल्याकडे लातूर, सोलापूर, धाराशिव या भागांत आणि पलीकडे कर्नाटकात उंच, सडसडीत, लांब तोंडाचा, खोल छातीचा आणि आत ओढलेल्या पोटाचा एक कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो. त्याला आपण कारवान म्हणतो, कुणी कारवानी म्हणतं. कारवान म्हणजे काफिला. व्यापाऱ्यांच्या आणि फौजांच्या काफिल्यांबरोबर अशा जातीची कुत्री वायव्येकडून दख्खनमध्ये आली, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. हा कुत्रा वासापेक्षा नजरेवर चालतो. लांबवर काही हललं की त्याला दिसतं, आणि दिसलं की तो सुटतो.

आता मुधोळ. मुधोळ हे गावाचं नाव आहे. कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात ते आहे. तिथे घोरपडे या मराठा घराण्याचं संस्थान होतं. त्या संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी आसपासच्या शिकारी लोकांजवळची ही कुत्री पाहिली, निवडून वाढवली आणि त्यांना नाव मिळवून दिलं. त्यांनी इंग्लंडच्या राजाला, पाचव्या जॉर्जला, एक जोडी भेट दिली होती असंही सांगितलं जातं. तेव्हापासून 'मुधोळचा कुत्रा' हे नाव रूढ झालं.

म्हणजे बघा, एकाला नाव काफिल्यावरून मिळालं आणि दुसऱ्याला गावावरून. आपल्याकडे ज्वारीला मालदांडी म्हणतात, कुणी तिला नुसतं मंगळवेढ्याची ज्वारी म्हणतं, तसंच हे.

मग गोंधळ कशाने वाढला? कागदांनी. आपल्या देशात कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या दोन मोठ्या संस्था आहेत. केनेल क्लब ऑफ इंडिया ही संस्था हा कुत्रा 'कारवान हाउंड' या नावाने नोंदवते. इंडियन नॅशनल केनेल क्लब ही दुसरी संस्था त्याच कुत्र्याला 'मुधोळ हाउंड' म्हणते. कर्नालला सरकारची पशुधनाच्या जाती नोंदवणारी संस्था आहे, तिच्या यादीत 'मुधोळ हाउंड' हे नाव आहे. तेव्हा एखाद्याच्या कागदावर कारवान आणि दुसऱ्याच्या कागदावर मुधोळ लिहिलेलं असेल, तर त्यावरून दोन वेगळ्या जाती झाल्या असं समजू नका.

मुधोळ नावाला भाव का चढला, तेही सांगतो. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यांत मुधोळ होता. मुधोळजवळ तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे. तिथली पिल्लं भारतीय सैन्याने मेरठला शिक्षणासाठी नेली, त्याच्या बातम्या झाल्या. २०२० च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून देशी कुत्री पाळा असं सांगितलं, तेव्हाही मुधोळचं नाव घेतलं. नाव गाजलं की व्यापारी तेच नाव लावतो. त्याच्या गाडीतल्या पिल्लाचा त्या केंद्राशी किंवा सैन्याशी काही संबंध असेलच असं नाही.

आता कुणी म्हणेल, काहीच फरक नाही का? पाळणाऱ्यांत यावर वाद आहेत. मुधोळकडचे आपल्या कुत्र्याची अंगलट वेगळी असल्याचं सांगतात, आपल्याकडचे कारवानची उंची दाखवतात. गावागावात निवडून पैदास केली की थोडं उन्नीस-बीस होतंच. पण तो फरक दोन महिन्यांच्या पिल्लात ओळखता येत नाही. त्या फरकासाठी दुप्पट पैसे मागणारा माणूस तुमच्याकडून नुसत्या नावाचे पैसे घेतो.

इथे आणखी एक नाव लक्षात ठेवा, पश्मी. पश्म म्हणजे लोकर, पश्मिना शालीतला पश्म तोच. पश्मी कुत्रा अंगाने कारवानसारखाच, पण त्याच्या कानांवर, शेपटीवर आणि पायांच्या मागच्या बाजूला लांब रेशमी केस लोंबतात. कारवानचं अंग सगळीकडे आखूड, गुळगुळीत केसांचं असतं. हा फरक मोठ्या जनावरात लांबूनही दिसतो. पिल्लात मात्र केस आलेले नसतात, तेव्हा आई बघावी.

आता मुद्द्याचा फरक. ग्रेहाउंड हा इंग्लंडकडचा शर्यतीचा कुत्रा. थोड्या अंतरात तो तासाला ६० किलोमीटरच्या पुढचा वेग गाठतो. त्या वेगाच्या हौसेने आपल्याकडे काही लोक कारवानची मादी ग्रेहाउंडला दाखवतात. जे पिल्लू होतं ते कारवानसारखंच सडसडीत असतं, म्हणून ते कारवान किंवा मुधोळ म्हणून विकलं जातं. संकराचा कुत्रा वाईट असतो असं नाही. पण तो कारवान नव्हे, आणि गटाने मादी घेतली ती जातिवंत पिल्लं विकायला. आज संकराची मादी घेतली, उद्या तिची पिल्लं कारवान म्हणून विकली, आणि घेणाऱ्याने सहा महिन्यांनी परत आणून दाखवली, तर नाव गटाचं जाईल. व्यापाऱ्याचा तोवर पत्ता नसेल.

म्हणून मोठं जनावर, म्हणजे पिल्लाचे आई-बाप, डोक्यापासून शेपटीपर्यंत असं बघा.

पहिलं, कान. हीच सगळ्यांत सोपी खूण. कारवानचे कान कानशिलाला लागून खाली लोंबतात. ग्रेहाउंडचे कान लहान आणि पातळ असतात. ते मागे दुमडलेले, मानेकडे वळलेले असतात आणि कुत्रा सावध झाला की अर्धे उभे राहतात. आई-बापांपैकी एकाचे कान मागे दुमडलेले असतील तर तिथेच थांबा आणि विचारा.

दुसरं, पाठ. कुत्रा सपाट जागी उभा करा आणि बाजूने बघा. कारवानची पाठ बरीचशी सरळ दिसते. ग्रेहाउंडची पाठ कमरेकडे धनुष्यासारखी वर उचललेली असते.

तिसरं, मागचे पाय आणि मांड्या. ग्रेहाउंडच्या मांड्या फुगीर, गोळे आलेल्या असतात, एका झेपेत सुटण्यासाठी. कारवान अंगाने सुका असतो. त्याची ताकद दमात असते, तो उन्हातान्हात, ढेकळांतून लांबवर पळतो.

चौथं, वजन आणि उंची. कारवानचा पूर्ण वाढलेला नर खांद्यापाशी साधारण २७ ते २८ इंच भरतो, मादी थोडी कमी. वजन साधारण २२ ते २८ किलो. ग्रेहाउंड त्याहून उंच आणि भारी असतो, नर ३० किलोच्या पुढे सहज जातो. घरचा टेप घ्या आणि पुढच्या पायाच्या टाचेपासून खांद्याच्या उंचवट्यापर्यंत मोजा. विकणाऱ्याने मोजू दिलं नाही, तर तेही एक उत्तरच आहे.

पाचवं, स्वभाव. कारवान परक्याच्या अंगाशी लगेच येत नाही. त्याला अनोळखी हात लागलेला आवडत नाही, घरच्यांशीच तो बोलतो. पहिल्याच भेटीत शेपूट हलवत मांडीवर आला नाही म्हणून कुत्रा आजारी आहे असं समजू नका.

रंगावर मात्र काही ठरवू नका. तांबूस, पिवळसर, काळा, राखी, ठिपक्यांचा, असे अनेक रंग कारवानमध्ये असतात. "हा रंग फक्त मुधोळमध्येच येतो" असं सांगणाऱ्याचं ऐकून सोडून द्या.

एवढ्या सगळ्या खुणा मोठ्या जनावराच्या. दोन-अडीच महिन्यांच्या पिल्लात यांतली एकही खात्रीची नाही. म्हणून नियम एकच, आई बघितल्याशिवाय पिल्लू घ्यायचं नाही. जमलं तर बापही बघायचा. शेळी घेताना आपण आईची कास बघतो, ती किती दूध देते ते विचारतो. मग पिल्लू घेताना आई न बघता पैसे का द्यायचे? गाडीवर पिल्लं आणणाऱ्याला सांगा, "दादा, आम्ही तुमच्या गावाला येतो, आई दाखवा." आई खरी असेल तर तो पत्ता देईल.

पिल्लाचं वयही आपणच तपासायचं. दुधाचे दात साधारण तिसऱ्या आठवड्यापासून यायला लागतात आणि दोन महिन्यांच्या आत सगळे येतात. तोंडात दात पुरते आलेले नसतील तर पिल्लू कोवळं आहे, आईपासून लवकर तोडलं आहे. २०१७ च्या कुत्र्यांच्या पैदाशीच्या आणि विक्रीच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. असं पिल्लू स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. हगवण लागून गेलं की पैसेही गेले आणि जीवही गेला.

आता ज्या गटांना मादी पाळून पिल्लं विकायचीच आहेत, त्यांच्यासाठी. त्याच नियमांत धंदा करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी असं आहे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन विकास अधिकाऱ्यांना भेटा आणि अर्ज कुठे, कसा करायचा ते विचारून घ्या. मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय दाखवायची नाही. वर्षाला एकच वेत घ्यायचं. जन्मात पाचाहून जास्त वेतं घ्यायची नाहीत, आणि आठ वर्षांनंतर तर नाहीच. व्यापाऱ्याने "वर्षाला दोन वेतं, पैसेच पैसे" असं गणित मांडलं असेल, तर ते गणित कायद्यात बसत नाही आणि मादीच्या अंगावरही निघतं. मादी सुमारे ६३ दिवस गाभण राहते. त्यानंतर दोन महिने पिल्लं तिच्याजवळ. म्हणजे चार महिने खर्च आधी, पैसे नंतर. हा हिशेब बैठकीत फळ्यावर लिहा आणि मगच ठराव करा.

त्या हिशेबात एक रकाना आणखी घाला, बाईच्या वेळेचा. पहाटे पिल्लांची घाण कोण काढणार? रात्री मादी व्यायली तर कोण बसणार? आमच्या पाहण्यात असं येतं की पिल्लं बाया वाढवतात आणि सौदा ओसरीवर घरातले पुरुष करतात. पैसे कुणाच्या हातात पडले ते बाईला दुसऱ्या दिवशी कळतं. म्हणून सौदा गटाच्या नावाने, पावती गटाच्या नावाने, पैसे गटाच्या खात्यात. पावतीवर पिल्लाच्या आईचं आणि बापाचं वर्णन, जन्मतारीख आणि दिलेल्या लसी लिहा. जात लिहिताना जे खरं असेल तेच लिहा. कारवान असेल तर कारवान, संकर असेल तर संकर. कमी भावात विकलं तरी चालेल. पुढच्या वेताला तोच माणूस आणखी दोघांना घेऊन येतो.

सांभाळण्याच्या दोन-चार गोष्टी. नुसत्या ज्वारीच्या भाकरीवर हे जनावर पोसत नाही. भाकरीबरोबर अंडं, डाळीचं पाणी न देता घट्ट वरण, जमेल तेव्हा मांसाचे तुकडे द्या. कांदा देऊ नका, तो कुत्र्याला बाधतो. कोंबडीची शिजवलेली हाडं देऊ नका, ती मोडून आतड्यात टोचतात. कारवानच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसतात, ती त्याची ठेवणच आहे. शेजारीण म्हणेल, कुत्र्याला खायला घालत नाही वाटतं. तिचं मनावर घेऊन त्याला लठ्ठ करू नका. अंगावर चरबी आणि केस कमी, म्हणून थंडीत त्याला पोत्याचं अंथरूण लागतं.

पिल्लाला जंताचं औषध वेळेवर द्या. सहा ते आठ आठवड्यांपासून डॉक्टरांना विचारून लसी सुरू करा, आणि तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस टोचा. पुढे ती दरवर्षी. मादीचं पिल्लं बंद करण्याचं ऑपरेशन करायचं असेल किंवा दुसरी काही शस्त्रक्रिया असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा की हा कारवान आहे. अशा चरबी नसलेल्या शिकारी कुत्र्यांना भुलीची काही औषधं जास्त वेळ चढतात, तेव्हा डॉक्टर औषध निवडून देतात.

पळणाऱ्या गोष्टीमागे धावणं हे या कुत्र्याच्या रक्तात आहे. परसात कोंबड्या असतील, करडं असतील, तर पिल्लाला लहानपणापासून त्यांच्यात वाढवा आणि मागे लागलं की तिथल्या तिथे थांबवा. मोठेपणी आणलेला कुत्रा कोंबड्यांत मोकळा सोडू नका. आणि घरातल्या पोरांना बजावून सांगा, कुत्रं घेऊन सशामागे, काळविटामागे जायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. पोरांची हौस होते आणि वनखात्याच्या ऑफिसात हेलपाटे आईला घालावे लागतात.

कुत्रा घरचा असो की रस्त्यावरचा, चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि सुया पूर्ण घ्या. एकही चुकवू नका.

तर बायांनो, बैठकीत लिहून घ्यायचं एवढं. कारवान आणि मुधोळ, नावावरून भाव वाढवून द्यायचा नाही. लांब केस लोंबत असतील तर पश्मी. कान मागे दुमडलेले आणि पाठ कमानदार असेल तर ग्रेहाउंडचं रक्त आहे. आई बघितल्याशिवाय इसार द्यायचा नाही, आणि दोन महिन्यांच्या आतलं पिल्लू घ्यायचं नाही. विकताना पावतीवर खरी जात लिहायची.

कुणाच्या गटाने कारवानची मादी पाळली असेल तर आम्हांला कळवा, तिच्याबद्दल इतर गटांना ऐकायला आवडेल. खर्चाची वही बरोबर आणलीत तर उत्तमच. पुढच्या वेळी आम्ही पावसाळ्याआधी शेळ्यांना कोणत्या लसी टोचायच्या यावर बोलू. तोवर रामराम.